थोड्यांचं म्हणणं

चारचौघं म्हणतात म्हणून स्वतःच्या डोळ्यांना दिसतं त्याच्या उलट माणूस बोलेल का? बोलतो. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात अमेरिकेत हे प्रयोगानं दाखवलं. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी लांब आहे, एवढंच सांगायचं होतं. पण गटातल्या बाकीच्यांनी आधी ठरवून एकमुखानं चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा सहभागी लोकांची सुमारे एक तृतीयांश उत्तरंही तशीच चुकीची आली.

बहुमताची ओढ एवढी असेल, तर समाज बदलतो कसा? प्रत्येक नवा विचार सुरुवातीला थोड्यांचाच असतो ना?

सर्ज मॉस्कोविची या फ्रान्समधल्या मानसशास्त्रज्ञानं नेमका हाच प्रश्न धरला. १९६९ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅशचा प्रयोग जणू उलटा केला. सहाजणींच्या गटात चौघी खऱ्या सहभागी, तर दोघी प्रयोगकर्त्यांनी पढवून ठेवलेल्या. ३६ स्लाइड्स दाखवल्या, सगळ्या निळ्या. त्या दोघी मात्र दर वेळी ‘हिरवा’ म्हणत राहिल्या. तेव्हा इतर चौघींच्या उत्तरांपैकी ८.४२ टक्के उत्तरं ‘हिरवा’ अशी आली. अशा दोघी गटात नसताना हे प्रमाण अवघं ०.२५ टक्के होतं.

आता गंमत पाहा. त्याच दोघींनी २४ वेळा ‘हिरवा’ आणि १२ वेळा ‘निळा’ म्हटलं, तेव्हा प्रभाव १.२५ टक्क्यांवर घसरला. म्हणजे थोड्यांची ताकद संख्येत नसते, ती सातत्यात असते. काही फायदा नसताना एखादा माणूस तेच शांतपणे सांगत राहिला, की ऐकणाऱ्याला वाटतं, पुन्हा एकदा नीट बघावं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचं उदाहरण घ्या. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे या कामापायी त्यांना कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी अश्लीलतेचे खटले सोसत १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. १९५२ साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. तो केवळ कर्व्यांमुळे आला असं म्हणता येणार नाही. त्याला इतरही कारणं होती. पण जे बोलणं एके काळी लाजिरवाणं होतं, ते सरकारी धोरण झालं. आणि असं झालं, की आधी सांगणाऱ्याची आठवण बहुधा पुसली जाते.

इथे एक सावधगिरी हवी. मॉस्कोविचीच्या प्रयोगात स्लाइड निळीच होती. सातत्यानं बोलणाऱ्या दोघी चूक होत्या! सातत्य म्हणजे सत्य नव्हे. अफवाही याच वाटेनं पसरू शकते. बहुमत असो की अल्पमत, पुरावा मागायलाच हवा.

मग चुकीच्या वेगळ्या मताचा काहीच उपयोग नाही का? आहे. चार्लन नेमेथ आणि जोएल वॉक्टलर यांनी १९८३ साली गुंतागुंतीच्या चित्रांत लपलेली आकृती शोधायला दिली. बहुमतानं उत्तर सुचवलं, तेव्हा लोक तेच गिरवत. थोड्यांनी सुचवलं, तेव्हा ते स्वतः शोधू लागत आणि कुणी न सुचवलेली बरोबर उत्तरंही त्यांना सापडत.

शिक्षकांसाठी यात बरंच काही आहे. ‘कुणाकुणाला हे उत्तर पटतं? हात वर करा’ असं विचारलं, की आपण वर्गात अ‍ॅशचाच प्रयोग करत असतो. त्याऐवजी आधी प्रत्येकानं आपलं उत्तर वहीत लिहावं, मग चर्चा करावी. एकट्या पडलेल्या मुलीला गप्प बसवण्याआधी तिचं कारण विचारावं. अ‍ॅशला असंही आढळलं होतं, की गटात बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला, तरी बहुमतापुढे झुकण्याचं प्रमाण सुमारे पाव होतं. तो एक सोबती होणं शिक्षकाला सहज जमण्यासारखं आहे.