खेळातले स्टिअरिंग आणि मनगटाचे दुखणे

गेल्या महिन्यात सीना नदीकाठच्या एका गावातील शेतकरी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाचे उजवे मनगट अंगठ्याच्या बाजूने सुजलेले होते. पेन धरता येत नव्हते, तांब्या उचलला की कळ येत होती. अकरावीची परीक्षा तोंडावर आलेली.

"डॉक्टरसाहेब, अंगठा लई दुखायलाय म्हणतो. काय काम केलं म्हणावं, तर काहीच नाही. पुण्याच्या मामानं मोटारीचा खेळ आणून दिलाय, त्याचं स्टिअरिंग धरून बसतो रात्र रात्र," वडील म्हणाले. "मी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, मला कधी असं झालं नाही. खेळण्यानं कसं होईल?"

प्रश्न रास्त होता. असे खेळ आता आपल्या तालुक्यातील घरांतही आले आहेत. तेव्हा आज या सदरात या स्टिअरिंगची ओळख करून घेऊ, ते शिकावे कसे आणि त्यापायी हात कसा दुखावतो तेही पाहू.

हे खेळणे साधे नाही

जत्रेत मिळणारे प्लास्टिकचे स्टिअरिंग आपण फिरवू तेवढेच फिरते. या स्टिअरिंगचे तसे नाही. त्याच्या पोटात विजेवर चालणारी मोटार असते आणि ती चाकाला उलटा जोर देते. त्यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात. पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की हातातले चाक हिसका देते. वळणावर ते जड होते आणि टायर घसरू लागले की एकदम हलके पडते. हा प्रकार काही कालचा नाही. १९८९ साली अटारी कंपनीच्या 'हार्ड ड्रायव्हिन' या खेळयंत्रात असे स्टिअरिंग होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते घरगुती संगणकासाठीही मिळू लागले.

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे लवकर समजेल. कासरा हाती असला की बैल बुजला, थबकला किंवा एका अंगाला ओढू लागला तर ते डोळ्यांआधी हाताला कळते. खऱ्या मोटारीचे स्टिअरिंगही असेच बोलते. पुढच्या चाकांची बैठकच अशी असते की वळवलेले चाक पुन्हा सरळ होऊ पाहते. सायकल चालताना तिचे हँडल आपोआप सरळ होते, तसाच हा प्रकार आहे. खेळातला संगणक हाच जोर गणित करून काढतो आणि मोटारीकरवी तुमच्या हातात देतो.

हा जोर किती असतो? तो न्यूटन-मीटर या मापात मोजतात. साध्या, गिअरवर चालणाऱ्या स्टिअरिंगचा जोर सुमारे २ न्यूटन-मीटर असतो. चाक २८ सेंटिमीटर व्यासाचे धरले तर त्याच्या कडेला सुमारे दीड किलोची ओढ बसते. मोटार थेट चाकाला जोडलेली असेल तर जोर ५, ८ किंवा त्याहूनही जास्त न्यूटन-मीटर असतो. ८ न्यूटन-मीटरला कडेवर सहा किलोच्या आसपास ओढ पडते. ती संथपणे पडली तर हात सोसतो. भिंतीला धडकल्यावर क्षणात पडली आणि अंगठा चाकाच्या आड सापडला, तर मात्र इजा होते.

दुखते ते नेमके काय?

अंगठा वर उचलणाऱ्या आणि बाजूला नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेने एका अरुंद नळीतून जातात. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकावी तशा त्या सरकतात. मूठ घट्ट आवळून मनगट वारंवार पिळले की नेफा सुजतो, जाड होतो आणि नाडी अडकू लागते. या दुखण्याचे वर्णन १८९५ साली द क्वेरव्हँ या स्विस शल्यवैद्याने केले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांमध्येही हे दुखणे पुष्कळदा दिसते.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर अंगठा तळव्यात दुमडा, त्यावर चार बोटांची मूठ मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. थोडा ताण सर्वांनाच जाणवतो. मात्र अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर डॉक्टरांना दाखवावे. आमच्या या मुलाने मूठ झुकवताच "आई गं" म्हणून हात मागे घेतला.

दुसरी तक्रार म्हणजे मुंग्या येणे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर मनगटातून जाणारी मज्जातंतूची मोठी शीर दाबली जात असण्याची शक्यता असते. हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

वडिलांनीच उत्तर दिले

मी मुलाला टेबलावरचे ताट हातात देऊन स्टिअरिंग कसे धरतोस ते दाखवायला सांगितले. त्याने दोन्ही अंगठे आत वळवून ताटाची कड गच्च आवळली. वडील लगेच बोलले, "असं धरत असतात का? जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. ढेकळावर चाक गेलं की स्टिअरिंग गर्रकन फिरायचं. अंगठा आत असला की मोडलाच म्हणून समजा. आमच्या उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं, अंगठा बाहेर ठेव."

वीस वर्षांत वडिलांचा अंगठा का दुखला नाही, ते यातच आले. ते चाकाशी झुंजत नव्हते. मुलगा मात्र शिकवणारा कोणी नसताना, जोर पूर्ण वाढवून, रोज तीन-तीन तास झुंजत होता.

शिकायचे कसे?

बसणे आधी नीट करावे. पाठ खुर्चीला टेकवून हात सरळ पुढे केले असता मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. म्हणजे चाक धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहते आणि खांदे वर चढत नाहीत. चाके असलेली खुर्ची वापरू नये. ब्रेक दाबला की ती मागे सरकते, मग माणूस स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरतो आणि सगळा भार मनगटावर येतो. साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली तरी काम भागते. स्टिअरिंग टेबलाला पक्के आवळलेले असावे.

यंत्र सुरू करताना हात लांब ठेवावेत. बहुतेक स्टिअरिंगे चालू होताच स्वतःची मर्यादा तपासण्यासाठी दोन्ही बाजूंना आपोआप फिरतात. त्या वेळी आऱ्यांमध्ये बोटे घालू नयेत. लहान भावंडांना तर जवळ येऊ देऊ नये.

जोर कमी ठेवून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या हिश्श्याइतका जोर पुरे होतो. जास्त जोर म्हणजे जास्त खरेपणा, असे मुलांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. मोटारीच्या ताकदीपलीकडे जोर मागितला की ती सतत एकसारखी ओढत राहते आणि बारीक संकेत त्यात बुडून जातात. कर्णा फार मोठा केला की शब्द कळत नाहीत, तसेच हे.

हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत. अंगठे चाकाच्या कडेवर टेकवावेत, आत अडकवू नयेत. चिमणीचे पिल्लू धरावे इतपतच पकड असावी. गाडीचे मागचे अंग घसरले की स्टिअरिंग स्वतःच घसरणीच्या दिशेला फिरू लागते. नवखा माणूस घाबरून ते अडवतो. तसे न करता चाक बोटांतून थोडे सरकू द्यावे आणि गाडी सावरू लागली की हलकेच थांबवावे. वळणात चाक अचानक हलके झाले तर पुढच्या टायरची पकड सुटली असे समजावे. अशा वेळी आणखी वळवून उपयोग नसतो. वेग कमी करून चाक थोडे सैल सोडावे, पकड परत येते.

सुरुवातीला एकच मार्ग आणि एकच साधी, मंद गाडी घ्यावी. साध्या मोटारीसाठी स्टिअरिंगचा फेर ९०० अंशांचा, म्हणजे अडीच वेढ्यांचा ठेवतात. शर्यतीच्या गाडीला तो बराच कमी असतो. रोज वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा चांगला. हाताचे कसब विश्रांतीत आणि झोपेत पक्के होते.

डोळे, डोके आणि पोट

काहींना खेळताना मळमळते, घाम येतो. डोळे सांगतात, आपण धावतो आहोत. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, आपण बसलेलो आहोत. या भांडणातून ही मळमळ होते. एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याला होते त्याचीच ही उलटी बाजू. मळमळ होताच खेळ थांबवावा. नेट धरून रेटल्याने ती वाढते. पडद्यापासून थोडे लांब बसावे, खोलीत दिवा असावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर वीस फूट दूर पाहावे आणि पापण्या मिटाव्यात. ज्यांना झटक्यांचा आजार आहे त्यांनी लखलखणाऱ्या पडद्यासमोर बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

खेळापायी झोप, जेवण, शाळा सुटत असेल आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नसेल, तर तो हट्टीपणा समजून मारझोड करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत याची नोंद केली आहे. त्यावर उपचार आहेत.

दुखू लागले तर

खेळ आणि पिळण्याची कामे बंद करावीत. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. अंगठ्याला आधार देणारी पट्टी डॉक्टर सांगतील तशी वापरावी. "नस चढली" म्हणून कोणाकडून झटका देऊन घेऊ नये, जोराने चोळू नये. सुजलेला नेफा त्याने आणखी सुजतो. मेडिकलमधून मनाने वेदनाशामक गोळ्या आणून दिवसेंदिवस खाऊ नयेत, त्या पोट व मूत्रपिंडाला बाधतात. आठवड्यात उतार पडला नाही, बोटे बधिर होऊ लागली किंवा हिसका बसल्यावर लगेच सूज येऊन अंगठा हलेनासा झाला तर एक्स-रेची सोय असलेल्या ठिकाणी दाखवावे.

शेवटचा प्रश्न

निघताना वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, आता ह्याला स्टिअरिंग येतंय, तर बार्शी रोडला जीप द्यावी का चालवायला?" मुलाचे डोळे चमकले.

खेळातून काही येत नाही असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत जगातल्या नामवंत शर्यतपटूंनी घरात बसून अशाच स्टिअरिंगवर शर्यती केल्या. मुंबईचा जेहान दारूवाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. आजच्या शर्यतपटूंच्या तयारीत असल्या कृत्रिम गाडीवरचा सराव नेहमीचा असतो. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त वाहनप्रशिक्षण केंद्रांतही असे यंत्र असावे लागते. पण त्याच नियमात खऱ्या सरावाचा मार्गही सांगितला आहे, कारण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. पडद्यावर धडकलेली गाडी एक बटण दाबले की पुन्हा उभी राहते. उसाच्या ट्रॉलीमागून अचानक आलेली सायकल पुन्हा उभी राहत नाही.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दोन तरुण जीव घेतले. कायदाही स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे मी दोघांनाही समजावून सांगितले. मुलगा थोडा हिरमुसला. वडील म्हणाले, "बरं झालं विचारलं."

सहा आठवड्यांनी मुलगा पुन्हा आला. सूज उतरली होती आणि परीक्षेचे पेपर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. आता तो जोर कमी ठेवून रोज अर्धा तास खेळतो. कधी कधी वडील शेजारी बसतात आणि अंगठा आत गेला की डोक्यात टपली मारतात. मनगटाच्या दुखण्यावर याहून स्वस्त इलाज माझ्यापाशी नाही.