हेतू तसा मजकुराचा घाट
जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या हद्दी, हवापाणी, जमीन, महसुलाची आकारणी आणि लोकवस्ती यांचा तपशील ठरावीक क्रमाने येतो. लेखकाचा ‘मी’ त्यात कोठेही डोकावत नाही आणि म्हणूनच तो ग्रंथ इंग्रजीतील माहितीपर गद्याचा अभ्यसनीय नमुना ठरतो. आसनगाव-खर्डीच्या फलाटांवरील सूचना किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रावरची ताकीद मात्र कर्ता वगळून थेट आज्ञार्थी क्रियापदच वापरते, कारण वाचणाराची कृती तत्काळ घडावी एवढाच तिचा हेतू असतो.

दहावीच्या विद्यार्थ्याने तर एकच विषय निरनिराळ्या घाटांत मांडून पाहावा. तानसा व भातसा जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही वस्तुस्थिती बातमीत लिहिताना मथळा, स्थळ, दिनांक आणि पहिल्याच परिच्छेदात घटनेचे सार येते व कर्मणी प्रयोग शोभतो; तहसील कचेरीस लिहावयाच्या अर्जात पत्ता, विषय आणि एकच निःसंदिग्ध मागणी विनयाने मांडावी लागते; भाषणात श्रोत्यांस संबोधून प्रश्न विचारता येतात आणि शब्दांची पुनरुक्तीही तेथे गुण ठरते. गोष्ट भूतकाळात चालते. या सर्वांत अर्जाचा सराव मला सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण परीक्षा संपल्यावरही नोकरी, शिष्यवृत्ती आणि बँकेचे कर्ज यांसाठी त्याचीच गरज पडते.