तलवारीचे तंत्र – लेखांक ९ : वजन नसलेले पाते

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील लाइटसेबर हे शस्त्र काल्पनिक असले, तरी त्याचे गुणधर्म बरेचसे ठरलेले आहेत. पाते साधारण मीटरभर लांब आणि दंडगोल असते. त्याला वजन नसते आणि धारेची अशी एक बाजूही नसते. मांस, हाड आणि पोलाद ते सारख्याच सहजतेने कापते, आणि त्याला अडवते ते मुख्यतः दुसरे तसलेच पाते. एवढे गृहीत धरले, की खऱ्या तलवारबाजीतले कोणते नियम या शस्त्राला लागू पडतील आणि कोणते गळून पडतील, हे बऱ्याच अंशी सांगता येते.

पोलादी तलवारीचे वागणे तिचे वजन कुठे आहे यावर ठरते. युरोपातील दुहाती लांब तलवार सुमारे सव्वा ते दीड किलोची असे आणि तिचा तोल परजेच्या पुढे काही बोटांवर साधलेला असे. पात्यातले हे वजन फिरू लागले की वाराला जोर येतो. पण निघालेला वार मध्येच थांबवणे किंवा वळवणे तितकेच अवघड होते. प्रतिस्पर्ध्याचा वार सुटला, आता तो हात परत फिरवू शकत नाही, एवढ्या निमिषात आपला डाव साधायचा, हा जवळजवळ सगळ्याच परंपरांचा पाया आहे. लाइटसेबरचे सगळे वजन मुठीत. ती पेलणे विजेरी पेलण्यासारखे आहे : झोत कुठेही वळवायला मनगटाची हालचाल पुरते. (१९७७ च्या पहिल्या चित्रपटातली नायकाची मूठ ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा-फ्लॅशच्या दांड्यापासूनच केलेली होती.) परिणामी हुलकावणी फुकटात देता येते. डोक्यावर निघालेले पाते अर्ध्या वाटेत मांडीकडे वळू शकते, आणि बचाव करणाऱ्याला त्याचा अंदाज घ्यायला काहीच उरत नाही.

वार आणि खुपसणे यांचा जुना वादही इथे नव्याने मांडावा लागतो. कामिल्लो अग्रिप्पाने १५५३ मध्ये रोममधून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भूमितीच्या आधाराने टोकाची बाजू घेतली. टोक सरळ रेषेत जाते, वाराला कमान काढावी लागते, म्हणून टोक आधी पोहोचते. शिवाय पोलादी वार लागायचा तर धार अचूक दिशेत बसायला हवी आणि मागे खांदा व कंबर यांचे बळ हवे. लाइटसेबरला दिशाही नको आणि बळही नको. पाते शरीराला टेकले की काम झाले. त्यामुळे वाराची कमान मनगटाएवढी आखूड होते आणि टोकाची आघाडी घटते. उलट टोकाने पडलेले भोक अरुंद असते. भोसकलेला माणूस एक-दोन क्षण उभा राहून आपलेही पाते फिरवू शकतो, पण हात तुटलेल्याच्या हाती शस्त्रच राहत नाही. म्हणून इथे आखूड, मनगटी वारालाच अधिक मोल येईल.

आता हाताकडे वळावे, कारण या शस्त्राची खरी अडचण तिथे आहे. तलवारीचा इतिहास हा निम्मा तरी बोटे वाचवण्याचा इतिहास आहे. साध्या आडव्या परजेपासून रेपियर या सडपातळ तलवारीच्या कड्यांपर्यंत आणि पुढे सगळा हात झाकणाऱ्या टोपलीवजा मुठीपर्यंत तो चालत आला. लाइटसेबरला परजच नाही. २०१५ च्या चित्रपटात कायलो रेनच्या मुठीला दोन छोटी आडवी पाती आली, तीही अपवाद म्हणून. समोरच्याच्या सर्वांत जवळ येणारा अवयव म्हणजे आपली मूठ, आणि इथे ती उघडी. ज्यात सर्वांग हे लक्ष्य मानले जाते, त्या एपी या आधुनिक क्रीडाप्रकारात खेळाडू हातावर आणि मनगटावर सतत टोक मारत असतात. लाइटसेबरच्या खऱ्या द्वंद्वातही पहिले लक्ष्य तेच असेल. गंमत म्हणजे पटकथांनी हे न सांगताच मान्य केलेले दिसते. १९८० मध्ये ल्यूकचा हात गेला, १९८३ मध्ये व्हेडरचा, २००२ मध्ये अ‍ॅनाकिनचा आणि २००५ मध्ये काउंट डुकूचे दोन्ही.

पोलादी लढतीत पाती एकमेकांना भिडल्यावर जो खेळ चालतो, त्याचे काय? चौदाव्या शतकातील योहानेस लिश्टेनाउअरच्या जर्मन परंपरेत भिडलेल्या पात्यातून समोरच्याचा दाब हाताला जाणवून घेणे, आणि तो घट्ट आहे की सैल यावरून पुढचा डाव ठरवणे, याला फार महत्त्व होते. तरफेचा नियम वजनावर नव्हे, अंतरावर चालतो. त्यामुळे मुठीजवळचा भाग बळकट आणि टोकाजवळचा दुबळा, हे प्रकाशाच्या पात्यालाही लागू राहील. पण परज नसल्याने भिडलेले पाते घसरत थेट बोटांवर येईल. चित्रपटांत दोघे पात्याला पाते लावून चेहऱ्याला चेहरा भिडवून संवाद म्हणतात, ती जागा प्रत्यक्षात सर्वांत धोक्याची. त्यात एक डाव पोलादाला कधीच शक्य नव्हता : बटण दाबून पाते विझवायचे, समोरच्याचा दाब रिकाम्या हवेत जाऊ द्यायचा आणि पुन्हा पेटवायचे. कथाविश्वात हा डाव ठाऊक आहे, पण विझलेल्या क्षणी आपल्या अंगाला कसलाच आडोसा नसतो, हेही खरे.

यातून सर्वांत गंभीर प्रश्न उभा राहतो, तो दोघेही मरण्याचा. इंग्रज लेखक जॉर्ज सिल्व्हरने १५९९ मध्ये इटालियन रेपियरवर हाच आक्षेप घेतला होता : या शस्त्राने लढणारे दोघेही ठार होतात. त्याचा आग्रह क्रमावर होता. आधी हात हलावा, मग शरीर, मग पाऊल. पाऊल आधी पडले तर शरीर शस्त्राच्या आडोशाविना शत्रूच्या टप्प्यात जाते. ज्या शस्त्राचा नुसता स्पर्श पुरतो आणि हुलकावणी ओळखता येत नाही, तिथे ही शिस्त प्राणांचीच शिस्त ठरते. भरवसा ठेवावा असा बचाव एकच उरतो : अंतर. म्हणजे टोक पुढे रोखलेले, अंग तिरके, पावले लहान, बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग एका क्षणात सगळे संपते. प्रेक्षकाच्या दृष्टीने हे फारच कंटाळवाणे.

स्वतःच्या अंगापासून पाते दूर ठेवण्याचा प्रश्नही पोलादी तलवारबाजांना इतका तीव्र नसतो. कटानाची पाठ बोथट असते, तिच्यावर दुसरा हात टेकवून आधार घेता येतो. युरोपीय लढवय्ये चिलखतधाऱ्याशी लढताना पातेच मुठीत धरत. लाइटसेबरला बोथट बाजूच नाही. या बाबतीत सर्वांत जवळचे खरे शस्त्र मराठ्यांचा दांडपट्टा. त्याचे पाते लांब, लवचिक आणि दुधारी. हात कोपराच्या जवळपास लोखंडी आवरणात, आत आडवी मूठ, त्यामुळे मनगट बांधलेले. पट्टेकऱ्याला खांद्यातून आणि पावलांतून फिरावे लागते आणि पात्याची वर्तुळे आपल्या अंगाबाहेर राखावी लागतात. हे साधायला सराव मोठा लागतो. वजनी पात्याच्या वर्तुळाला मात्र अर्थ असतो, कारण त्यात वेग साठतो. वजन नसलेले पाते गरगर फिरवून काहीच साठत नाही. पाठ वळवून घेतलेली गिरकी, किंवा डार्थ मॉलसारखी दोन्ही टोकांना पाती असलेली काठी, ही लढणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याच्या सोयीची. काठीचे खरे सामर्थ्य हात सरकवून लांबी बदलण्यात आहे, आणि इथे धरायला जागा मधल्या मुठीएवढीच.

पडद्यावरच्या लढती अशा का दिसतात, याची कारणे व्यवहारी आहेत. १९७७ मध्ये पात्याऐवजी चकाकणाऱ्या कापडाने मढवलेले, मोटरवर फिरणारे दांडे वापरले होते. ते सहज मोडत, म्हणून हालचाली जपून झाल्या. पुढच्या दोन चित्रपटांत व्हेडरच्या वेषात बऱ्याचशा लढती बॉब अँडरसन लढला. तो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेला तलवारबाज होता आणि त्या लढतींत पावलांची शिस्त दिसते. तरीही नाट्यलढतीचा नियम सुटत नाही : वार माणसावर नव्हे, माणसासमोरच्या पात्यावर करायचा.

फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये लाइटसेबर द्वंद्वाला अधिकृत स्पर्धेचे स्थान दिले, तेव्हा खरे द्वंद्व पाहायला कंटाळवाणे, हीच अडचण समोर आली. मोकळे सोडले तर खेळाडू काही मिनिटांत एपीच खेळू लागतील. म्हणून वार करण्याआधी पात्याचे टोक आपल्या मागे न्यायचेच, अशी अट घातली गेली. झटपट टोक मारणे बाद झाले आणि मोठे, दिसणारे वार सक्तीचे झाले. डोक्याला किंवा धडाला लागलेल्या वाराचे पाच गुण, हाता-पायाला तीन, पंजाला एक; तीन मिनिटांत पंधरा गुण आधी मिळवणारा विजयी. सामने अंधाऱ्या सभागृहात होतात, आणि पाती पॉलिकार्बोनेटची, आतून उजळलेली असतात.