पाहुणा भेक की बेडूक?

मृगाचा पाऊस काळ्या रानात मुरला, की नांदेड-लातूरकडच्या घराघरांतून एक पाहुणा हटकून येतो. रांजणाच्या बुडाशी, न्हाणीच्या मोरीत, नाहीतर अंगणातल्या दिव्याखाली फतकल मारून बसतो. मुले त्याला डब्यात घालून पाळायला निघतात. आजी मिठाची मूठ घेऊन धावते. दोघांनाही जरा थांबवा आणि पाहुणा कोण ते आधी पाहा.

आपण सगळ्यांना सरसकट ‘बेडूक’ म्हणून मोकळे होतो. पण रांजणाखालचा बहुधा भेक असतो. त्याची कातडी कोरडी, खरबरीत, चामखिळींनी भरलेली. डोळ्यांवर काळसर कंगोरे, आणि डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारखे फुगवटे. हे फुगवटे दिसले, की भेकच समजा. पाय आखूड, म्हणून लांब झेप नाही, टुणटुण चालणे. रानबेडूक अंगाने थोराड, ओलसर, पाठीवर लांबट वळ्या असलेला. मागच्या बोटांत पडदे, आणि हात पुढे केलात की लांब उडी. ऐन पावसात याचे नर हळदीसारखे पिवळे होतात. तिसरा, विहिरीतला लहान बेडूक, पाण्यावरून सपसप उड्या मारीत जातो. त्याला पाणी सुटत नाही.

ओळख एवढ्यासाठी, की भेकाच्या त्या फुगवट्यांत विष असते. बेडूक समजून भेक खाल्ल्याने आशियातल्या अनेक देशांत माणसे दगावली आहेत. त्याची अंडीही विषारीच. नुसते शिवल्याने मात्र काही होत नाही, आणि चामखिळी उठतात ही तर निव्वळ अफवा. हात साबणाने धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत, झालं. कुत्र्याने तोंडात धरला आणि फेस आला, तर त्याचे तोंड पाण्याने पुसून काढून गुरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

आता पाळण्याचे. रानबेडकाला डब्यात कोंडू नका. त्याच्या तंगड्यांच्या व्यापारापायी इतके बेडूक मारले गेले, की सरकारला १९८७ साली निर्यात बंद करावी लागली. रानातल्या जिवांसाठी १९७२ चा कायदाही आहे. भेकाला तर कोंडायची गरजच नाही, तो आपण होऊन राहतो. सावलीत एक फुटका माठ पालथा घाला, आत शिरायला वाट ठेवा. जवळ उथळ परळात पाणी असू द्या, पण नळाचे ताजे नको. औषध घातलेले पाणी दिवसभर उघडे ठेवून मग ओता. बेडूक कातडीनेच पाणी पितो, श्वासही काही अंशी तिनेच घेतो. म्हणून मीठ आणि पिकावरची फवारणी त्याला भाजून काढते. भाकरी-भाताचे त्याला काही नाही. हलणारे किडेच तो खातो, ते दिव्याखाली आयते मिळतात.

उन्हाळ्यात तो दिसेनासा झाला, तर मेला म्हणू नका. ओल्या मातीत, दगडाखाली दडून असतो. तेवढा कोपरा पहिल्या पावसापर्यंत खणू नका.