पेशीच्या आतला साठा

पहाटे ५:२०

रुग्ण यायच्या आधी तास-दीड तास माझा सगळा व्यवहार पाण्याशी असतो. आर.ओ. चालू करायचा, पहिलं पाणी वाहू द्यायचं, मग कार्बनच्या टाकीनंतरच्या नळाचं पाणी काचनळीत घेऊन क्लोरीनची तपासणी. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मशीन लावायचं नाही. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं की नगरपालिकेचा हात क्लोरीनवर सैल सुटतो, तेव्हा ही नळी मी उजेडाकडे धरून दोनदा बघते.

मिनिटाला ५०० मिली या हिशेबाने एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला १२० लिटर पाणी लागतं. ते डायलायझरच्या पडद्याच्या पलीकडून रक्ताला लगटून वाहतं. आपण पितो त्या पाण्यातला क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचाच एक प्रकार, पोटातच संपतो. इथे तो थेट लाल पेशीला गाठतो, आतलं हिमोग्लोबिन बिघडवतो आणि पेशी फोडतो. तांब्याच्या पाइपातून पाण्यात उतरलेलं तांबंही हेच करतं. पेशी फुटायला लागल्या की नळीतलं रक्त पारदर्शक होतं, कोकम सरबतासारखं. तसं दिसलं तर पंप बंद करायचा, नळ्या चिमट्याने बांधायच्या आणि ते रक्त रुग्णाला परत द्यायचं नाही, कारण फुटलेल्या पेशींतलं सगळं पोटॅशियम त्यात उतरलेलं असतं. शिकाऊ मुलांना मी हे सगळ्यात आधी शिकवते. एरवी रक्ताचा थेंबही वाया घालवायचा नाही अशी ताकीद असते, म्हणून ऐन वेळी त्यांचा हात अडखळतो.

तुरटीचीही एक गोष्ट आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची ही आपल्याकडची घरोघरची रीत, आणि तुरटीत ॲल्युमिनियम असतं. सत्तरच्या दशकात डायलिसिसवरची माणसं बोलता बोलता अडखळू लागली, झटके येऊन दगावू लागली. १९७६ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या आल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत साठलेलं ॲल्युमिनियम दाखवून दिलं. हेच ॲल्युमिनियम हाडांत बसतं, आणि लोह असूनही लाल पेशी लहान नि फिकट तयार होतात. आज आर.ओ.मुळे हा प्रकार दुर्मिळ झालाय. डायलायझरच्या पडद्याला मात्र दिशा नसते. रक्तातलं बाहेर जातं तसं पाण्यातलं आतही येतं, हे डायलिसिसच्या पाण्याजवळ उभं राहणाऱ्याने विसरू नये.

६:१०

पार्ट ए आणि पार्ट बीचे जार भरले. ए मध्ये सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडं आम्ल. बी म्हणजे बायकार्बोनेट. दोन्ही एकाच जारमध्ये ठेवले तर कॅल्शियम चुन्यासारखं तळाला बसतं, म्हणून मशीन त्यांना ऐन वेळी एकत्र आणतं. कंडक्टिव्हिटी १४ च्या आसपास आली की समजायचं मिश्रण बरोबर आहे. फारच पातळ झालं तर पाणी पेशींत शिरतं आणि त्या फुगून फुटतात. आमच्याकडे बहुतेकांना पोटॅशियम २ चं द्रावण लावतो. रक्तात ६, पाण्यात २. या फरकाच्या जोरावर सगळं काम चालतं.

६:४५

आज सोमवार. पुस्तकं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगतात, आमच्याकडचे बरेचजण दोनदाच येतात. सोमवारच्या पाळीवर मी जरा जास्त लक्ष ठेवते. मधला खंड मोठा असतो, त्यात रविवार आलेला असतो, घरी पाहुणे, जेवणात चार पदार्थ जास्त. काट्यावर एकेकाची चोरी पकडली जाते.

“काका, साडेतीन किलो वाढलं.”

“अगं ताई, अंगावर स्वेटर आहे.”

“स्वेटर साडेतीन किलोचा?”

मागून काकूंनीच सांगून टाकलं, की भाचा भेटायला आला होता आणि त्याने शहाळी आणली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात शहाळं हवंच. किडनी बंद पडलेल्या माणसाला ते पोटॅशियमचा पेला भरून देण्यासारखं आहे, हे भाच्याला कोण सांगणार! मी काकूंना पुन्हा एकदा सांगितलं, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. “चव जाते हो सगळी,” त्या म्हणाल्या. जातेच.

७:३०

सहा जणांना सुया लागल्या. हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे धमनीला जोडलेल्या शिरेवर, बोट ठेवून थरथर बघायची, मग सुई. महिन्याची तपासणी असल्याने हेपॅरिन द्यायच्या आधी नमुने घेतले. नमुना घेताना दंडाला पट्टा करकचून बांधू नका, मूठ उघड-मीट करायला लावू नका, सिरिंजमधून रक्त नळीत जोराने ढकलू नका, असं मी मुलांना सारखं बजावत असते. त्यानं पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो.

८:४५

आता तासभर मशीनचाच आवाज. अर्ध्या तासाने बी.पी. आणि मधल्या वेळात नोंदी. नव्या मुलीने विचारलं, “मॅडम, रक्त धुतो म्हणजे पेशीपण धुतल्या जातात का?”

प्रश्न चांगला होता. मिनिटाला ३०० मिलीने रक्त फिरतं आणि डायलायझरमध्ये एका वेळी शंभर मिलीच्या आतबाहेर रक्त मावतं. म्हणजे एखादी लाल पेशी आत शिरून वीसेक सेकंदांत बाहेर पडते. एवढ्या वेळात धुतला जातो तो तिच्या भोवतालचा प्लाझ्मा. त्यात लिटरला पाच-सहा मिलिमोल पोटॅशियम. पेशीच्या आत त्याच हिशेबाने शंभराच्या आसपास. सोडियमचं उलटं, बाहेर १४०, आत पंधराच्या खाली. हा उलटा संसार पेशी चोवीस तास पंप चालवून सांभाळते: एका फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना या पंपाचं एन्झाइम शोधलं. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

किडनी बंद पडली की हा पंपही काहीजणांत मंदावतो. १९६४ साली वेल्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा काही रुग्णांच्या लाल पेशींत सोडियम साचलेलं असतं. नेमाने डायलिसिस सुरू झाल्यावर बऱ्याच जणांत पंप सुधारतो. मला यात महत्त्वाचं वाटतं ते ‘नेमाने’. एका बैठकीत प्लाझ्माचे आकडे खाली येतात, पेशीचा पंप सुधारायला मात्र काही आठवडे जातात.

मॅग्नेशियमचंही असंच. लाल पेशीत ते प्लाझ्माच्या दुपटी-तिपटीने असतं, आणि किडनीच्या रुग्णांत आणखी चढलेलं सापडतं. पेशी मज्जेतून निघताना जो साठा घेऊन निघते तोच पुष्कळसा तिच्याबरोबर फिरतो. चार तासांत हलत नाही. ॲसिडिटीवर मनानेच मॅग्नेशियमवालं औषध घेऊ नका असं आम्ही का ओरडतो, त्याचं कारण हे.

“मग पेशीतलं मोजत का नाही?” मुलगी म्हणाली. मोजता येतं. रक्त फिरवून पेशी वेगळ्या करायच्या, धुवायच्या, फोडायच्या आणि ज्वालेच्या यंत्रावर किंवा ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर मोजायच्या. हे संशोधनाच्या प्रयोगशाळेतलं काम झालं. आमच्या कागदावर येतो तो आकडा बाहेरच्या पाण्याचा.

१०:४०

“ताई, सोडा की आता. अकरा पाचची एस.टी. आहे,” सकाळच्या पाळीतले मास्तर म्हणाले.

हे रोजचं. तीन तास झाले की मन दाराकडे जातं, आणि मला त्यांचा राग येत नाही. ती गाडी चुकली तर पुढची दोन वाजता. पण हा शेवटचा तासच मी कुणाला चुकवू देत नाही. पहिल्या दोन तासांत प्लाझ्मातलं पोटॅशियम भराभर उतरतं, मग पेशींमधून सावकाश बाहेर झिरपायला लागतं तेव्हा कुठे पुढचं काढता येतं. अंगात सगळं मिळून साडेतीन हजार मिलिमोलच्या घरात पोटॅशियम, त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंत. एका बैठकीत आपण काढतो ते सत्तर ते शंभर. मास्तरांना हा हिशेब मी एकदा फळ्यावर मांडून दाखवला होता. गणित शिकवलेला माणूस; त्यांना पटलं, पण एस.टी.चं वेळापत्रक तेही बदलू शकले नाहीत. डेपोत फोन करून बघितला. गाडी वीस मिनिटं उशिरा निघणार होती. बसले.

१२:००

पाळी बदलली. सकाळच्या पाळीतल्या एका बाईंचा अहवाल बाहेरच्या लॅबमधून आला: पोटॅशियम ७.४. बाई तर हसत गप्पा मारत बसलेल्या, ई.सी.जी. साधा. चौकशी केली तेव्हा कळलं की हा नमुना शनिवारी संध्याकाळी गावातच घेतलेला, प्लाझ्मा वेगळा न करता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेला. थंडीत पेशीचा पंप थांबतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. आज आम्ही घेतलेल्या नमुन्यात ५.३ आलं. त्या कागदावर मोठी फुली मारली.

२:१५

तातडीच्या खोलीतून फोन. पन्नाशीचा शेतकरी, गावच्या यात्रेत दोन खेपा चुकवलेल्या, पायात त्राण नाही. ई.सी.जी.वर टी लहरी तंबूसारख्या उभ्या. पोटॅशियम ७.६, आणि हा आकडा खरा. डॉक्टरांनी हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन आणि साल्बुटामॉलची वाफ. तासाभरात आकडा सहावर. भावाला वाटलं, जमलं!

काहीच बाहेर गेलेलं नसतं. इन्सुलिन आणि साल्बुटामॉल पेशींचे पंप जोरात चालवतात, पोटॅशियम बाहेरून आत ढकललं जातं. जीव त्यानेच वाचतो, पण मशीनसाठी तो माल आत दडतो. औषधानंतर लगेच डायलिसिस केलं तर चार तासांत निघणारं पोटॅशियम एरवीपेक्षा कमी भरतं, आणि औषधाचा असर उतरला की पेशी ते परत बाहेर टाकतात. म्हणून रात्री नऊला आणि पहाटे पुन्हा तपासायचं, असं मी डॉक्टरांना सांगून कागदावर लिहून ठेवलं. नवे आहेत, डायलिसिसनंतरचा ४.१ बघून ते निर्धास्त झाले असते.

४:३०

दुसऱ्या पाळीत एका रुग्णाला रक्ताची पिशवी चढवायची होती. हिमोग्लोबिन सहाच्या खाली, एरिथ्रोपोएटिन आणि शिरेतलं लोह दोन्ही चालू असूनही. पिशवी आम्ही डायलिसिस चालू असतानाच लावतो. साठवलेल्या रक्तातल्या पेशींमधून गारठ्यात आठवडेच्या आठवडे पोटॅशियम गळतं. जुन्या पिशवीच्या द्रावात ते लिटरला पन्नासच्या घरात जातं. मशीन चालू असलं की ते येता येताच निघून जातं. तरी ब्लड बँकेला मी ताजी पिशवीच मागते.

शेजारच्या खाटेवरची मावशी घरचा डबा न उघडताच बसली होती. “कशालाच चव नाही.” मीठ तोडलंय, भाज्या उकळून पाणी फेकलंय, ते एक झालंच. शिवाय या रुग्णांत प्लाझ्मातलं जस्त अनेकदा कमी असतं, आणि जस्त कमी झालं की जीभ मंदावते. गंमत म्हणजे लाल पेशीत पाहिलं तर जस्त बऱ्याचदा नेहमीइतकं, कधी जास्तही सापडतं, कारण तिथे ते एन्झाइमला बांधलेलं असतं. डॉक्टरांच्या कानावर घातलं. मावशीला लिंबाची फोड दिली, ती तिने चोखली.

७:१०

शेवटच्या रुग्णाचं रक्त परत दिलं, सुया काढल्या, दाबून धरलं. मशीनं निर्जंतुकीकरणाला लावली. वहीत लिहिलं: क्लोरीन तिन्ही वेळा निरंक, कंडक्टिव्हिटी ठीक, तातडीचा एक, मास्तर पूर्ण चार तास बसले. सॉफ्टनरमधलं मीठ तळाला गेलंय. इथलं पाणी इतकं जड आहे की दोन दिवस मीठ नसलं तर कॅल्शियमचा थर आर.ओ.च्या पडद्यावर बसेल, आणि पडदा हरला तर ते रुग्णांच्या रक्तात उतरून उलट्या सुरू होतील आणि बी.पी. चढेल. दोन पोती उद्या सकाळी आठच्या आत हवीत, असं भांडारवाल्याला सांगून ठेवलंय.