केबलचा शेवटचा खांब

दहा-बारा वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत एकाच केबलवर सगळ्यांना सारखा टीव्ही दिसत नसे. केबलवाल्याच्या कंट्रोल रूमशेजारच्या घरात चित्र लख्ख, आणि वस्तीवरच्या शेवटच्या खांबापाशी मुंग्या. कुकडी कालव्याच्या टेलला पाणी पोहोचताना जे होतं, तेच सिग्नलचं होत होतं. तारेतून जाताना तो क्षीण होतो, म्हणून मध्ये मध्ये अँप्लिफायर बसवावा लागतो. पण अ‍ॅनालॉगमध्ये अँप्लिफायरला चित्र आणि गोंगाट वेगळे ओळखता येत नाहीत, तो दोन्ही वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा गोंगाटही घालतो. पाच-सहा टप्पे ओलांडले की मुंग्या आल्याच.

त्यातही वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तारेत आधी मरतो. त्यामुळे खालच्या पट्ट्यातल्या वाहिन्या सगळीकडे बऱ्या दिसत, वरच्या पट्ट्यातल्या नावालाच असत. चांगली जागा मिळावी म्हणून वाहिन्या केबल कंपन्यांना पैसे मोजत, आणि आपण काय पाहायचं हे बरंचसं या व्यवहारातून ठरे. अ‍ॅनालॉग केबलवर एक वाहिनी 7 किंवा 8 मेगाहर्ट्झ जागा खाते, त्यामुळे एका तारेत शंभरच्या आसपासच वाहिन्या मावत, जुन्या तारेत त्याहूनही कमी. देशात परवाना मिळालेल्या वाहिन्यांची संख्या मात्र आठशेच्या पुढे गेली होती.

डिजिटलमध्ये चित्राचे आकडे होतात. लागोपाठच्या दोन चित्रांत जे बदललेलं नाही ते पुन्हा पाठवावं लागत नाही, म्हणून त्याच 8 मेगाहर्ट्झमधून सेकंदाला सुमारे 38 मेगाबिट माहिती पाठवून साध्या दर्जाच्या दहा-पंधरा वाहिन्या सहज बसवता येतात. सोबत जादा आकडेही जातात, आणि त्यांच्या आधारे सेट टॉप बॉक्स वाटेत बिघडलेले आकडे दुरुस्त करतो. म्हणून शेवटच्या खांबावरही चित्र पहिल्या घराइतकंच स्वच्छ. मात्र दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की चित्र मुंग्यांनी भरत नाही. ते चौकोनांत फुटतं, थिजतं आणि थेट गायब होतं. अ‍ॅनालॉगचं चित्र हळूहळू खराब होई, डिजिटलचं एकदम जातं. पावसाळी हवेत डिशचा टीव्ही असा अचानक का बंद पडतो, त्याचंही कारण हेच.

सरकारला मात्र चित्रापेक्षा मोजणीत अधिक रस होता. 1995 च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याने केबलवाल्याला नोंदणी सक्तीची केली, आणि ती होई चक्क हेड पोस्ट ऑफिसात. पण त्याच्या तारेला किती घरं जोडलीत हे फक्त त्यालाच ठाऊक. तो सांगेल त्या आकड्यावर वाहिन्यांचे पैसे ठरत आणि राज्य सरकारचं करमणूक शुल्कही. डिजिटलमध्ये प्रत्येक बॉक्सला स्वतःचा क्रमांक असतो. सिग्नल कुलूपबंद येतो आणि कंपनीच्या संगणकावरून परवानगी मिळालेल्या बॉक्सलाच तो उघडता येतो. जितके चालू बॉक्स, तितके ग्राहक.

म्हणून 2011 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि चार टप्पे ठरले. मुंबईसह चार महानगरं 31 ऑक्टोबर 2012 ला, पुणे-नाशिक-सोलापूर यांसारखी मोठी शहरं 31 मार्च 2013 ला डिजिटल करायची होती. अहमदनगर महापालिका आणि संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर अशा नगरपालिका तिसऱ्या टप्प्यात आल्या, गावं चौथ्यात. उच्च न्यायालयांत याचिका गेल्या, बॉक्सचा तुटवडा पडला, मुदती पुढे सरकल्या. अखेर शहरांसाठी 31 जानेवारी 2017 आणि गावांसाठी 31 मार्च 2017 या तारखा कायम झाल्या. आता संगमनेरच्या कंट्रोल रूममधून निघालेली तार नगरपालिकेची हद्द ओलांडून शेजारच्या गावात जाते. तार तीच, सिग्नल तोच, पण खांब कुणाच्या हद्दीत यावर तारीख वेगळी. विज्ञानाला हद्द नसते, कायद्याला ती आखावीच लागते, हे मान्य. पण निदान तालुका धरून तारीख द्यायला हवी होती.

माझी खरी तक्रार पुढे आहे. खासगी तारेवर सरकारने काटेकोर तारखा लादल्या, मोडल्या तर यंत्रसामग्री जप्त करण्याचे अधिकार दिले. स्वतःच्या मनोऱ्यांचं काय? 1973 मध्ये सिंहगडावरून मुंबई दूरदर्शनचं सहक्षेपण सुरू झालं, 1984 च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. छतावर अँटेना लावला की टीव्ही दिसे, महिन्याला एक पैसा न देता. 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबाद. नगर जिल्ह्यासाठी केंद्र आलं नाही. आणि मोक्याचे सुमारे 50 प्रक्षेपक वगळता बाकीचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक 31 मार्च 2022 पर्यंत बंद करायचं ठरलं. अमेरिकेने 2009 मध्ये अ‍ॅनालॉग बंद करण्याआधी घरटी 40 डॉलरची दोन कूपनं दिली होती, जुन्या टीव्हीला जोडायचा बॉक्स घेता यावा म्हणून. आपल्याकडे बॉक्सचा खर्च ग्राहकाच्याच माथी आला.

पोकळी भरली ती डीडी फ्री डिशने. 2004 मध्ये सुरू झालेली ही सेवा आज 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते. नगर जिल्ह्यातून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ 60 अंश वर आहे. म्हणूनच भंडारदऱ्याच्या डोंगरात, जिथे मनोऱ्याचा सिग्नल कड्याआड अडे, तिथेही छोटी डिश काम करते. डिश आणि बॉक्स एकदा विकत घेतला की मासिक भाडं नाही.

केबल घेणाऱ्यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नियम 1 फेब्रुवारी 2019 पासून बदलले. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि हवी ती वाहिनी सुटी घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. 2024 मध्ये महिन्याच्या नेटवर्क शुल्कावरची 130 रुपयांची मर्यादा मात्र उठली, म्हणजे आता हिशेब आपणच पाहायचा. बॉक्स आल्यापासून तुमच्या घराची मोजणी पक्की झाली आहे. पैसे देताना पक्की पावती मागा आणि न पाहिलेल्या वाहिन्या यादीतून काढायला सांगा.