ग्लासगोचं पत्र : सोमल, कोको आणि तिसरा निकाल

ब्लिथ्सवुड स्क्वेअर हा ग्लासगोतला चढावरचा चौक. तिथलं ७ नंबरचं घर अजून उभं आहे. कोपऱ्यावरून वळलं की तळघराच्या खिडक्या दिसतात. पदपथाला इतक्या लागून की वाकलं तर हात पोचावा. १८५७ साली मॅडेलिन स्मिथ ही वास्तुविशारदाची मुलगी अशाच खिडकीतून आपल्या प्रियकराशी चोरून बोलायची. पुढे तिच्यावर झालेल्या खुनाच्या खटल्यात सरकारी पक्षाचं म्हणणं असं की, त्याला सोमल घातलेला कोकोही तिने इथूनच दिला.

प्रियकर पिएर एमिल लांजेलिए. जर्सी बेटावरून आलेला, एका वखारीतला कारकून. वडिलांनी दुसरं स्थळ ठरवलं, तेव्हा मॅडेलिनने आपली पत्रं परत मागितली. त्याने ती वडिलांनाच दाखवायची धमकी दिली. २३ मार्चला तो मेला. पोटात ८० ग्रेनहून जास्त सोमल सापडला, म्हणजे पाच ग्रॅमच्या वर!

मॅडेलिनने सोमल उघडपणे, विषाच्या वहीत सही करून घेतला होता. कधी उंदरांसाठी म्हणून, तर चौकशीत सांगितलं चेहरा उजळायला. १८५१च्या कायद्यानुसार दुकानदार त्यात काजळी किंवा नीळ मिसळत. बचाव पक्षाने त्यावरच बोट ठेवलं : विष सापडलं, पण रंग कुठे आहे? शिवाय शेवटच्या रात्री दोघं भेटल्याचा साक्षीदार नव्हता आणि मयताची डायरी न्यायालयाने पुराव्यात घेतली नाही.

एडिंबरोच्या पंधरा ज्युरींनी एका आरोपातून तिला निर्दोष ठरवलं. खुनासह बाकी दोन आरोपांवर निकाल दिला : 'सिद्ध नाही'. आपल्याकडे संशयाचा फायदा मिळाला तरी माणूस निर्दोषच सुटतो. स्कॉटलंडमध्ये मात्र हा वेगळा, तिसराच निकाल होता. आरोपी सुटायचा, पण कुजबुज पाठीमागे राहायची.

दिग्दर्शक डेव्हिड लीनने १९५० साली या खटल्यावर 'मॅडेलिन' हा सिनेमा काढला. नायिका ॲन टॉड, तेव्हाची त्याची बायको. स्वतः लीनला हा सिनेमा फारसा आवडत नसे. मला वाटतं, त्याने स्वतःवर अन्याय केला. त्याच्याच 'ब्रीफ एन्काउंटर' या सिनेमाची हळवी ओढ इथे नाही. इथे थंडपणा आहे, आणि तो या घराला शोभतो. मॅडेलिनने विष घातलं का, हे कॅमेरा आपल्याला दाखवतच नाही. शेवटी ती गाडीत बसते, पडद्यामागून आवाज तिला विचारतो, दोषी की निर्दोष? आणि ती जेमतेम हसते. विषाच्या कथेचा शेवटच्या दहा मिनिटांत उलगडा व्हावा, अशी सवय लागलेल्या प्रेक्षकाला हे हसू खुपतं. ज्युरींनाही खटल्यात तेवढंच दिसलं असावं.

२०२५च्या सप्टेंबरात स्कॉटिश संसदेने 'सिद्ध नाही' हा निकालच रद्द करायचा कायदा मंजूर केला. ज्युरी पंधराच राहतील, पण दोषी ठरवायला आता साध्या बहुमताऐवजी दोन तृतीयांश मतं लागतील. इथल्या वकिलांत यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता.

मॅडेलिन मात्र कधीच पुढे निघून गेली होती. १८६१मध्ये तिने लंडनमध्ये जॉर्ज वॉर्डल याच्याशी लग्न केलं. तो कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसचा सहकारी. पुढे ती अमेरिकेत गेली आणि १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच नावाने वारली.